खोडरबर नाना

चुकीची माहिती देणारी माणसं गावोगाव असतात. दिलेली माहिती परत न्यायला येणारा माणूस मांडवगण फराट्यातच भेटतो. शिरूर तालुक्याच्या या टोकाला एका अंगानं घोड, दुसऱ्या अंगानं भीमा, भीमेपलीकडे दौंड तालुका आणि मधे बघावं तिकडे ऊस. एवढ्या पाण्यावर अफवाही जोमानं वाढतात. कुणी पेरली, कुणी पाणी दिलं, याची चौकशी करायला कुणाला सवड नसते. नानांना असते. त्यातही दुसऱ्याच्या अफवेच्या वाटेला ते जात नाहीत. स्वतः पेरलेली तेवढी उपटायला येतात. मग पेरून तीस वर्षं झालेली का असेनात. गावानं त्यांचं नाव ठेवलंय खोडरबर.

नाना हे सोसायटीचे निवृत्त सचिव. शिडशिडीत अंग, पांढरा पायजमा, पांढरा सदरा, डोक्याला टोपी आणि खिशाला दोन पेनं. निळं लिहायला, लाल खोडायला. निळ्याची रिफिल महिनोन्महिने पुरते, लालची सारखी संपते. काखेत लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट चोपडी. तिच्यात रकाने आखलेले: समजूत, कुणाकडून आली, कुणाकुणाला दिली, तपासणी, शेरा. शेरे तीनच. कायम, रद्द आणि थकीत.

या चोपडीचा उगम सोसायटीतच आहे. उभी हयात लोकांच्या दारात थकबाकी मागण्यात गेली. सेवानिवृत्तीचा नारळ आणि शाल घेऊन घरी आले, आणि त्या रात्री त्यांच्या ध्यानात आलं की लोकांनी आपल्याकडून जसं पीककर्ज नेलं, तसं आपलं बोलणंही नेलेलं आहे. सचिव म्हणजे गावातला लिहिता-वाचता माणूस. त्यानं सांगितलं की लोक अंगठा उठवतात. “कर्जाला निदान जामीनदार तरी असतो,” नाना म्हणतात, “माझ्या बोलण्याला कोण जामीन हुतं? मीच की!” तेव्हापासून वसुली सुरू झाली. फरक एवढाच की पूर्वी ते दुसऱ्यांनी घेतलेलं परत मागायचे, आता स्वतः दिलेलं परत मागतात.

पहिली वसुली गणपतीच्या दुधाची. २१ सप्टेंबर १९९५ या दिवशी देशभरातले गणपती दूध प्यायले, आणि मांडवगणच्या गणपतीनंही देशाची साथ सोडली नाही. त्या दिवशी चमचा धरून पुढे उभे होते ते नाना. “पितोय! पितोय!” हा पुकारा त्यांचाच. पुढे पृष्ठताण नावाचं प्रकरण त्यांच्या वाचनात आलं. दुधाचा चमचा टेकवला की दूध मूर्तीवर ओढलं जातं आणि पातळ थरानं खाली ओघळतं. बघणाऱ्याला चमचा रिकामा होताना दिसतो, ओघळ दिसत नाही. नानांनी घरातल्या पितळी गणपतीला दूध पाजून पाहिलं. मग पितळी तांब्याला. मग नानींच्या खलबत्त्यातल्या बत्त्याला. तिघंही प्यायले, बत्ता जरा जास्तच.

मग नाना घरोघर निघाले. “पंच्याण्णव साली मी तुमाला गणपती दूध पितो म्हणून सांगितलं हुतं. ते मी माघारी घेतो.” काही घरांत तो निरोप ज्यांना द्यायचा ते भिंतीवर हार घालून बसलेले. नानांनी फोटोपुढे उभं राहून निरोप दिला. एका म्हातारीनं मात्र हिशेब काढला. “आन् माझं पावशेर दूध गेलं त्येचं काय?” नाना अडचणीत आले. म्हातारीचं म्हणणं रास्त होतं. प्रश्न एवढाच होता की भाव त्या सालचा धरायचा की आजचा, आणि व्याज सरळ की चक्रवाढ. सोसायटीचा माणूस, सरळ व्याजावर मिटवलं.

दुसरी वसुली पाचटाची. ऊस तुटून गेला की फडातलं पाचट पेटवून द्यायचं, म्हणजे कीड मरते आणि खोडवा जोमानं फुटतो, असं नानांनी कित्येकांना सांगितलेलं. पाचट सरीत तसंच राहू दिलं तर ते कुजून जमिनीला सेंद्रिय खत मिळतं, ओल टिकते आणि तणही कमी येतं, हे शेतीखात्याची माणसं सांगून थकली होती. नानांनी स्वतःच्या रानात अर्ध्या फडाचं पाचट जाळलं, अर्ध्याचं ठेवलं. दोन्हीकडे पाणी मोजून, खत मोजून. पोरं म्हणाली, नानांनी खोडव्याला परीक्षेला बसवलंय. निकाल लागल्यावर नाना शेजाऱ्याच्या बांधावर गेले ते नेमके त्यानं काडी ओढायच्या वेळी. “थांब! मी तुला दिलेलं मत परत दे आधी.” शेजारी म्हणाला, “नाना, ते तुमचं मत न्हाई, माझ्या आज्यापासून चालत आलंय.” नानांनी तिथंच चोपडी उघडून ‘कुणाकडून आली’ या रकान्यात दुरुस्ती केली. शेजाऱ्यानं काडी ओढली. नानांना त्याचं वाईट वाटलं, पण आपल्या खात्यातली बाकी निघाली याचं समाधान जास्त होतं.

बिबट्याच्या बाबतीत त्यांनी गावाची मोठी निराशा केली. गावाचा देव वाघेश्वर. म्हणून काही वाघाच्या भाऊबंदांचा कुणी गोठ्यात सत्कार करत नाही. वनखातं रात्री गाड्या भरभरून बिबटे आणून उसात सोडतं, ही समजूत शिरूरपासून जुन्नरपर्यंत घट्ट आहे. नानांनीही ती वाटलेली. पारावर सगळे जमले. अर्ध्यांना ‘कायम’ हवं होतं, मास्तर मंडळींना ‘रद्द’. नाना म्हणाले, “उसातला बिबट्या उसातच जन्मतो. आडोसा हाय, कुत्री हायत, डुकरं हायत, त्येला आणून सोडायची गरज न्हाई. पर दोन हजार एकच्या सुमाराला जुन्नरकडं पकडलेले बिबटे लांब नेऊन सोडले हुते, आणि त्यानंतर माणसांवरचे हल्ले वाढले, हे विद्या अत्रेया या बाईंनी अभ्यास करून दाखवलंय. म्हणून शेरा: अर्धी रद्द.” एवढा थंड निकाल पारानं कधी ऐकला नव्हता. ज्यांना वनखात्याला शिव्या द्यायच्या होत्या त्यांचं निम्मं तोंड बंद झालं आणि ज्यांना शिव्या देणाऱ्यांना हसायचं होतं त्यांचंही निम्मं.

पण खरा तमाशा झाला तो नारळाचा. तळहातावर आडवा नारळ घेऊन पाणाडी रानात फिरतो, आणि नारळ उभा राहिला की तिथं विहीर. हा पाणाडी गावाला नानांनीच आणलेला. सचिव म्हणून विहिरींची आणि बोअरची कर्जप्रकरणं त्यांच्या हाताखालून गेलेली. नावं, वर्षं, पाणी लागलं की नाही, सगळं दप्तरात. त्यांनी दोन याद्या केल्या. नारळ फिरवून खणलेल्या आणि नारळ न फिरवता खणलेल्या. पाणी दोन्हीकडे सारखंच. भीमेच्या काठाला, कालव्याच्या पाझराखाली, नारळ सोडा, भोपळा फिरवला तरी पाणी लागलं असतं. ज्याच्या विहिरीला लागलं त्यानं पाणाड्याला फेटा बांधला आणि ज्याची कोरडी गेली त्यानं स्वतःच्या नशिबाला बोल लावला. पाणाडी दोन्हीकडून सुटला.

नाना एका बागायतदाराकडे गेले. त्याची विहीर तुडुंब. “मी तुला नारळावर विसंबून विहीर खणायला लावली, ती माझी चूक.” “आवं पर पाणी लागलंय की!” “लागलं ते खरं. मी सांगितलं ते खोटंच.” बागायतदाराला वाटलं, नाना विहीर बुजवायला सांगतायत. त्यानं बायकोला बाहेर बोलावलं. दोघांनी मिळून नानांना विहीर दाखवली, पाणी दाखवलं, मोटार सुरू करून दाखवली. नाना पाण्याकडे बघून मान हलवत राहिले आणि म्हणाले, “तरी पण.”

या ‘तरी पण’ला आधार सापडला तो हायस्कुलातल्या एका निवृत्त गुरुजींकडे. विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञानं १८७७ साली एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं, डागडुजी महागाची. त्याच्या मनात शंका येते, पण आजवर इतक्या सफरी नीट झाल्या, देव सांभाळून घेईल, असं तो स्वतःला पटवतो आणि माणसांनी भरलेलं जहाज सोडतो. मनापासून विश्वास ठेवून सोडतो. जहाज बुडतं, मालक विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्डचं म्हणणं असं की तो गुन्हेगार आहेच. आणि जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो तितकाच गुन्हेगार ठरला असता, कारण तपासल्याशिवाय असा विश्वास ठेवायचा त्याला हक्कच नव्हता. नानांनी ही गोष्ट ऐकली आणि त्यांना सोसायटीत नफा झाल्यासारखं वाटलं. “बघा, पाणी लागलं तरी मी दोषी!” हे त्यांनी ज्या आनंदानं सांगितलं, तसं कुणी निर्दोष सुटल्यावरही सांगत नाही.

इनामगाव तर शेजारचंच. तिथं डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं उत्खननं केली आणि तीन हजार वर्षांपूर्वीचं गाव वर काढलं. नाना पोरांना सांगत, तिथं राक्षसांची हाडं निघाली. तपासल्यावर निघाली ती आपल्यासारख्याच शेतकऱ्यांची. ही मंडळी आपली माणसं घरातच पुरत आणि मोठ्या माणसांचे पाय घोट्यापासून तोडत. मेलेलं माणूस उठून चालायला लागू नये म्हणून, असं अभ्यासक मानतात. एका माणसाला मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात, पायांसकट, बसवून पुरलेलं सापडलं. नानांचा जीव त्या माणसात अडकला. “त्यो पायांसकट आत बसला. त्यो आला का उठून? न्हाई आला. समद्यांनी बघितलं. तरी म्होरं पाय तोडायचं चालूच! एकालाबी वाटलं न्हाई, की आरं, ह्यो आला न्हाई तर बाकीचे कशाला येतील?” तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेजाऱ्यांवर इतका वैतागलेला माणूस दुसरा नसेल.

घरात या सगळ्याचा त्रास नानींना. त्यांचं नवऱ्याशी एकही भांडण धडपणे पुरं झालेलं नाही. ऐन रंगात आलं की नाना हात वर करून म्हणतात, “थांब. तुझं बरोबर असू शकतं. तपासतो.” आणि चोपडी घेऊन ओट्यावर जातात. नवरा हरला तर बाईला बरं वाटतं, जिंकला तर माहेरी जाता येतं. नवरा तपासायला गेला तर फोडणीपाशी उभं राहून किती वेळ राग धरायचा? चार दिवसांनी निकाल येतो: “परवाचं बघितलं. तुझं पाऊण बरोबर हुतं.” तोवर नानी भांडण कशावरून होतं तेच विसरलेल्या असतात.

नातवाच्या लग्नात तर कहर झाला. पत्रिका जमेना. नानांनी जयंत नारळीकरांच्या चाचणीचं कात्रण काढलं. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या शंभर-शंभर पत्रिका घेऊन त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्योतिषांना ओळखायला लावल्या होत्या. सत्तावीस ज्योतिषांची उत्तरं आली आणि बरोबर निघाली ती शेकडा सेहेचाळीस. नानांनी दोन्हीकडच्या वऱ्हाडासमोर खिशातून रुपया काढला. “ह्यो उडवला तर शेकडा पन्नास.” लग्न झालं. गुण किती जुळले हे कुणी विचारलं नाही. रुपया छापा पडला की काटा, हे मात्र नवरीच्या आजीनं हळूच विचारून घेतलं.

तर असे हे नाना. गाव हसायचं, पण आतून अभिमान बाळगायचं. पाहुणा आला की आमच्याकडे असा एक माणूस आहे म्हणून सांगायचं. नानांनाही एव्हाना वाटू लागलं होतं की चोपडी जवळजवळ कोरी झाली. आणि मग भाऊबीज आली.

नानांची धाकटी बहीण नदीपलीकडे दौंड तालुक्यात दिलेली. शिक्षण सातवीपर्यंत, वाचनाची आवड. ओवाळून झालं, ताट खाली ठेवलं आणि ती चोपडी चाळायला लागली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मग परत पहिल्यापासून.

“दादा, यात माझं पान कुठंय?”

“तुझं कसलं पान?”

“वडील गेल्यावर वारसनोंद झाली. मग मला शिरूरला नेलंस. उसाचा रस पाजलास, साडी घेतलीस आणि हक्कसोडीवर सही घेतलीस. तवा म्हणालास, बहिणीनं हिस्सा मागितला की माहेर तुटतं. ती समजूत कुणाकडून आली? कुणाकुणाला दिलीस? तपासलीस कधी?”

नाना म्हणाले, “अगं, ती रीत हाय.”

“पाचट जाळायचीबी रीतच हुती.”

नानी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दाराला टेकून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत प्रथमच त्या घरात एक भांडण पुरं होण्याच्या मार्गावर होतं.

नानांनी निळं पेन काढलं. समजूत लिहिली. कुणाकडून आली: वडील, आजा, पार, सगळे. कुणाकुणाला दिली, या रकान्यात मात्र पेन थांबेना. सचिव म्हणून ज्या ज्या घरात मयत झाली त्या त्या घरी दहाव्यानंतर कागद घेऊन कोण गेलं? मसुदा कुणाच्या अक्षरातला? “भावाचं नाव राहू द्या, माहेर राहतंय,” हे वाक्य कुणाचं? रकाना संपला, पानाच्या समासात शिरला, पान उलटलं. कायदा नानांना ठाऊक नव्हता असंही नाही. महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क देणारी दुरुस्ती १९९४ सालीच केली, देशानं २००५ साली केली, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात उरलीसुरली शंकाही मिटवली. ती कात्रणं नानांकडे होती. घडी न मोडलेली.

मग तपासणी. माहेर खरंच तुटतं का? नानांनी हिस्सा घेतलेल्या बहिणी शोधायला सुरुवात केली आणि पंचाईत झाली. नमुनाच सापडेना! कुणी मागितलाच नव्हता, कारण मागितला की माहेर तुटतं. आणि माहेर तुटतं हे सगळ्यांना माहीत होतं, कारण कुणी मागितला नव्हता. बऱ्याच शोधानं एक बहीण सापडली. रीतसर हिस्सा घेतलेली, आणि तरी दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन येणारी. नाना तिच्याकडे बघत राहिले. पायांसकट पुरलेल्या इनामगावकरानंतर त्यांना इतका पक्का पुरावा मिळाला नव्हता.

आता गंमत पाहा. गणपती, पाचट, नारळ या सगळ्या तपासणीत नानांचं गेलं काय? पावशेर दूध. या समजुतीच्या पोटात मात्र जमीन होती. क्लिफर्डच्या मालकाला जहाज मजबूत वाटलं ते त्याचं डोकं मंद म्हणून नव्हे. मजबूत वाटण्यात पैसे वाचत होते म्हणून. जी समजूत आपल्याला काही मिळवून देते, तिच्यावर शंका घ्यायची आठवणच होत नाही. नानांच्या लाल पेनानं इतकी वर्षं इमानानं काम केलं होतं, पण सातबाऱ्याच्या हद्दीत ते कधी शिरलं नव्हतं.

पारावर बातमी गेली तशी भाषा बदलली. कालपर्यंत नानांच्या पृष्ठताणाला माना डोलवणारे म्हणाले, “नाना, सगळंच काय तपासायचं नसतं. भावना असतात.” दोन्ही मुलगे म्हणाले, “नाना, गणपती बघा, बिबट्या बघा, हे कशाला उकरताय?” एकानं तर चोपडी काही दिवस विसाव्याला ठेवण्याचा प्रस्ताव मांडला. नानांनी बहिणीला निरोप धाडला: शेरा ‘रद्द’ पडला, तुझं तुला परत देतो. बहीण, नको रे दादा, तुझं प्रेम आहे तेवढं पुरे, असं म्हणेल अशी घरातल्या सगळ्यांची खात्री होती. ती म्हणाली, “घेईन की. विहिरीच्या अंगाचा अर्धा एकर.”

नाना थोडे पांढरे पडले. विहिरीच्या अंगाचा म्हणजे रानातला जीव. पण चोपडीत शेरा पडलेला होता आणि लालवर लाल चालत नाही. शिरूरला चौकशी केली तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. बहिणीनं हक्क सोडायचा तर स्टॅम्प नाममात्र. भावानं बक्षीसपत्र करून परत द्यायचा तर मिळकतीच्या किमतीवर टक्क्यांनी. “घ्यायला स्वस्त आन् द्यायला महाग,” नाना म्हणाले, “सरकारनंबी चोपडी ठेवायला पाहिजे.” तरी भरला. आणि या खेपेला उसाचा रस बहिणीनं पाजला.

आता नाना पानं उलटून उलटून उरलेल्या घरी जातात. पूर्वी ते आले की पुरुष ओट्यावर सतरंजी टाकायचे, बायका आत जायच्या. आता ते उलटं झालंय. नाना लांबून दिसले की पुरुषांना एकदम मोटार बंद करायची आठवते आणि ज्या बायका कधी ओट्यावर बसल्या नाहीत त्या येऊन बसतात. परवा एका घरात सुनेनं चहा दिला, सासूनं पोहे, आणि माहेरी आलेल्या लेकीनं तर नानांच्या लाल पेनासाठी नवी रिफिल आणून दिली. घरधनी मागच्या दारानं उसात गेले. उसात बिबट्या होता, हे त्यांना ठाऊक होतं.